एका बाजूची धार

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कुलूप एकाच खणाला होतं, आणि त्या खणात अण्णांचा चाकू असे. आईच्या पाटल्या मात्र तूरडाळीच्या डब्यात, डाळीखाली, बिनकुलपाच्या. चोराने काय न्यावं याबद्दल अण्णांचं मत ठाम होतं. घडीचा चाकू होता तो. काळसर शिंगाची मूठ, पितळेच्या तीन चुका आणि तर्जनीएवढं पातं. त्या पात्याची एक बाजू पाटीसारखी सपाट होती आणि धार फक्त दुसऱ्या बाजूने उतरती घासलेली. कलमाचा चाकू तसाच असतो. सपाट बाजू लाकडाला टेकवून ओढली की काप आरशासारखा सरळ निघतो. अण्णा लग्नाआधी कोकणातल्या एका बागेत दोन पावसाळे कलमं बांधायला होते, तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने तो त्यांना दिला होता. नंतर ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि सहा दिवस वॉशर, नट आणि ग्रीसचे डबे यांची राखण करू लागले. रविवारी मात्र लुंगी खोचून गॅलरीत बसत आणि खण उघडत. त्या चाकूने पेन्सिल तासायची नाही, फळ कापायचं नाही, सुतळी तोडायची नाही आणि त्याला अण्णांखेरीज कुणी हात लावायचा नाही. हे नियम कधी मोठ्याने सांगितले गेले नव्हते. पण माझ्या हातून एकदा त्यांचा चष्मा फुटला होता, तेव्हा ते माझ्याशी गणपतीपासून दसऱ्यापर्यंत बोलले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आईलाही वाटत होतं. ओरडा संपतो तरी.

त्या घराचा दिवस दोन आवाजांनी सुरू व्हायचा. आधी औद्योगिक वसाहतीच्या फेज टूमधल्या कुठल्याशा कंपनीचा भोंगा आणि मग सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज. आई आंघोळ करून देवापुढे बसे आणि खोड सहाणेवर गोल फिरवत राही, एका लयीत, मनात बहुधा आमटीला काय टाकायचं याचा विचार करत. भोंग्याबरोबर कंपनीचा सडक्या अंड्यांसारखा वास यायचा आणि पाठोपाठ चंदनाचा. आमच्याकडे देव आणि रसायन यांची रोज सकाळी अशी गाठ पडत असे. मग आंबोळ्या, किंवा भाकरी आणि सुकटाची चटणी. गॅलरीत दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून अण्णांनी आंब्याच्या कोयी रुजत घातलेल्या असत. जुलैत त्यांना कोवळी, तांब्याच्या भांड्याच्या रंगाची पानं फुटत. शेजारच्या जोशीबाई म्हणत, "एवढी झाडं लावता, आंबा एक दिसत नाही कधी." खरंच होतं. बांधलेलं प्रत्येक कलम अण्णा कुणाला तरी देऊन टाकत.

जानूकाका त्या घेणाऱ्यांपैकी एक. शीळफाट्याच्या रस्त्याला त्यांची वाडी होती. जुने आगरी शेतकरी, अंगाने सडसडीत, डोक्याला कायम टॉवेल. वाडीच्या मध्यावर एक प्रचंड आंबा होता. त्यांची बायको लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या आंब्याची कोय पदराला बांधून घेऊन आली होती, आगासनहून. गावात तिला सगळे आगासनवाली म्हणत, आणि ती वारल्यावर ते नाव झाडाकडे गेलं. "औंदा आगासनवालीला मोहोर बरा हाय," असं जानूकाका बोलत तेव्हा नवख्या माणसाला काही कळत नसे. फळ लहान, हिरवंच पिकणारं, दिसायला अगदी गरीब. पण त्याचा रस ज्याने खाल्ला तो पुढे दुकानातल्या आंब्याला नाव ठेवूनच खायचा. मीही अजून ठेवते.

वाडी चार भावांची होती. तिघांनी ती बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि चौथ्याच्या हाती मान हलवण्यापलीकडे काही उरलं नाही. राहतं घर आणि मागची परसाएवढी जमीन तेवढी जानूकाकांकडे राहणार होती. त्यांनी अण्णांना एकच गोष्ट मागितली. "झार जाव दे आण्णा. पन मना तिची कलमा पायजेत. परसात लावीन." अण्णांनी रविवारी जाऊन झाडावरचे, डोळे म्हणजे कोंब चांगले फुगतील असे चाळीस शेंडे निवडले, त्यांची पानं देठ ठेवून छाटली आणि प्रत्येकाला लाल दोरा बांधला. पानं काढल्यावर आठ-दहा दिवसांनी काडी कलमाला तयार होते. झाड तोडायला अजून पंधरवडा होता. सगळं व्यवस्थित बसत होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी, अण्णा कामावर गेल्यावर तासाभराने, जानूकाका जिना चढून आले. धाप लागलेली. "आण्णा गेलं?"

"केव्हाच," आई म्हणाली. "बसा तरी. काय झालं?"

"आजच तोरतान तिला. तो पुढारी हाय ना, त्याला पुढल्या पंधरवड्यात येल नाय. आजच भूमिपूजन. दुपारच्याला फांद्या ट्रकात भरून नेतान. आता कसा करू गो वहिनी?"

अण्णांना निरोप कसा पोचवणार? चाळीत फोन नव्हता, आणि कारखान्यातला फोन साहेबांच्या टेबलावर होता, त्यावर स्टोअरकीपरला बोलावण्याची पद्धत नव्हती. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. अण्णांना काड्या काढताना लहानपणापासून बघत आले होते. मी खणाची किल्ली घेतली. ती कुठे असते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आई देवघराकडे तोंड करून म्हणाली, "मी काही बघितलेलं नाही."

आम्ही पोचलो तेव्हा झाड आडवं झालेलं होतं. शेजारी मांडव, मांडवात लाल गालिचा आणि लाउडस्पीकरवर सनई. पुढारी आले, त्यांना शाल-श्रीफळ झालं, त्यांनी टिकाव मारला, आणि मग कार्यक्रमपत्रिकेत लिहिल्याप्रमाणे वृक्षारोपण झालं. पडलेल्या आंब्यापासून वीस पावलांवर त्यांनी गुलमोहराचं एक रोप लावलं आणि पर्यावरणावर चार शब्द बोलले. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे जण त्या आंब्याच्या फांदीवर बसले होते. यावर मी पुढच्या आयुष्यात पुष्कळ विनोद केले, त्या दिवशी मात्र एकही सुचला नाही. मी फांद्यांत शिरून लाल दोरे शोधत होते. बाहेर ट्रकवाला "चलो, चलो" करत होता. जानूकाका गोणपाट ओलं करून धरून उभे होते आणि मी एकेक काडी त्यात टाकत होते. तेहतीस मिळाल्या. चौतिसावा दोरा दिसला तो स्वागताच्या फलकाखाली दबलेल्या फांदीवर. फलक झाडाला आधीच बांधलेला होता, तो झाडाबरोबर कोसळला होता. फांदी ओढून निघेना म्हणून मी फलकाची दोरी कापायला गेले. दोरीच्या आत तार होती.

आवाज फार लहान झाला. नखाने डब्याला टिचकी मारावी तेवढा. पात्याच्या टोकापासून बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर धारेत एक खाच पडली होती. अर्ध्या तांदळाएवढी, चंद्रकोरीसारखी. मी पातं मिटलं. जानूकाका विचारत होते, "किती झाल्या गो बाय?" आणि मी म्हणाले, "पुष्कळ."

संध्याकाळी अण्णांनी गोणपाट उघडून काड्या एकेक करून पाहिल्या. मी खण उघडला होता हे त्यांना कळलंच होतं. ते म्हणाले, "बरं केलंस." अण्णांच्या तोंडून हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा ऐकले ते मी सांगू शकते, आणि त्यातले हे मला सर्वांत महाग पडले. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण ते पुढे म्हणाले, "उद्या हाफ डे आहे, चारला येतो. रविवारी सकाळी बांधू. काड्या तोवर टिकतील, त्यापुढे नाही." आणि चाकू न उघडताच खणात ठेवून दिला. शनिवारी दुपारी चारपर्यंत खाच नाहीशी करायची, हे मी तेव्हाच ठरवलं. एवढीशी तर खाच.

आज माझ्या मुलाच्या घोडबंदर रोडच्या घरात नऊ सुऱ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या आहेत, आणि बोथट झाली की सुरी टाकून देतात. त्यामुळे अर्ध्या तांदळाएवढ्या खाचेने काय बिघडतं हे इथे कुणाला समजावणं अवघड आहे. कलमाच्या काडीला खाली पाचरीसारखा काप घ्यायचा असतो आणि तो रोपाच्या चिरेत बसवायचा असतो. दोन्ही काप असे सपाट हवेत की मध्ये वाराही जाऊ नये. धारेत खाच असेल तर लाकडावर तिची एक बारीक उभी रेघ उठते. त्या रेघेपाशी साल सालीला भेटत नाही, पाणी साचतं आणि कलम कुजतं. दाढीचं पातं वापरणारे लोक असतात. अण्णा म्हणत ते लाकडात वाकतं आणि काप पोटाला फुगतो.

शनिवारी मी कॉलेज बुडवलं. बाजारात सायकल स्टँडवर उभी करून, पायडल मारून दगडाचं चाक फिरवणारा धारवाला बसायचा. त्याच्यापुढे विळ्या, कात्र्या, खाटकाचा सुरा. मी चाकू उघडून दाखवला.

"इतना ही? दो मिनट, बेटी."

"ये खड्डा जाना चाहिए."

"अरे, खड्डे का बाप भी जाएगा."

चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या. मला ठिणग्या आवडायच्या, मी बघत उभी राहिले. त्याने एक बाजू लावली, मग सवयीने पातं उलटलं आणि दुसरी बाजू लावली. जगातल्या सगळ्या सुऱ्यांना तो दोन्ही बाजूंनी धार लावत होता, याच एकीला का सोडेल? मी ओरडले तोवर सपाट बाजूचा काठ गोल झाला होता. खाच जवळजवळ गेली होती, तिचा ठसा तेवढा उरला होता. आणि टोकापासून मुठीपर्यंत धारेलगत एक सुंदर निळी झाक आली होती, मोराच्या मानेसारखी. "देखो, नया बना दिया," तो म्हणाला. मला ती झाक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मी अंगठ्याने ती पुसून पाहिली, ती गेली नाही.

कल्याण स्टेशनच्या पुलाखाली सखारामभाऊ चपला शिवायला बसत. माझ्या कॉलेजच्या चपलांचे अंगठे तेच लावायचे. चामडं कापायच्या त्यांच्या रापीला एकाच बाजूने धार असते हे मला तिथे बसून बसून ठाऊक होतं, म्हणून मी लोकल पकडून तिकडे धावले. त्यांनी पातं उन्हात धरलं, नखावर फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणी केलं हे?"

"धारवाल्याने."

"त्याला दिलं कोणी?"

त्यांनी पातं पुन्हा उन्हात धरलं.

"पाणी उतरलंय पात्याचं. हे निळं दिसतं ना, इथं तापलंय. पोलाद मऊ पडलं. चाकावर हे लावायचंच नसतं ताई, चाक म्हणजे जाळ. आणि ह्या सपाट बाजूला तर कोणी हात लावायचा नसतो."

"आता काय करायचं?"

"सपाट दगड घ्यायचा. बारीक पोताचा. पाणी टाकत ही बाजू आडवी ठेवून घासायची. पातं उचलायचं नाही, कलतं होऊ द्यायचं नाही. गोल झालंय तेवढं सपाट येईस्तवर. मग उतरत्या बाजूने, निळं संपेल तिथवर. निळं आत किती गेलंय ते मला सांगता यायचं नाही." त्यांनी स्वतःचा दगड पुढे केला. "माझा दगड रापीने मधे खोल गेलाय, नाहीतर इथंच बसवलं असतं तुला."

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. आई शेजारी पापड लाटायला गेली होती. पाटा टाकी लावून खडबडीत केलेला, पायरी फुटकी. घरात बारीक पोताचा सपाट दगड एकच होता, आणि तो देवापुढे होता. मी सहाण उचलली.

पहिल्या दहा मिनिटांत तिच्यावरचं कित्येक वर्षांचं चंदन निघालं आणि त्याखालून काळं पाणी वाहू लागलं. खोली चंदन आणि लोखंड यांच्या एका विचित्र वासाने भरली. पातं दर चौथ्या फेरीला कलंडत होतं आणि दर कलंडण्याला सहाणेवर एक ओरखडा उठत होता. बोट कापलं, ते तोंडात धरून मी दुसऱ्या हाताने घासत राहिले. गोल झालेला काठ अधिकच गोल होतोय असं दिसत होतं. मी रडत नव्हते, पण नाकातून काहीतरी आवाज येत असावा, कारण आई दारात कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

"उद्या गंध कशावर उगाळू?" ती म्हणाली. "तुझ्या टाळक्यावर?"

मी सगळं सांगितलं. तार, खाच, धारवाला, निळं, पाणी. तिने पिठाचे हात पदराला पुसले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी बसली.

"सरक. असं खुपसतात का? दाबायचं नसतं. हाताचं वजन पुरतं."

तिने पातं सहाणेवर सपाट टेकवलं, दोन बोटं त्यावर ठेवली आणि फिरवायला लागली. चंदनाच्या खोडाची तीच गोल लय. तिला कलमातलं काही कळत नव्हतं आणि चाकूतलं तर त्याहून नाही. पण रोज सकाळी एक वस्तू दुसऱ्या वस्तूवर सपाट धरून फिरवणं तिच्या मनगटात मुरलेलं होतं. मी चमच्याने पाणी सोडत होते. एकदाच ती म्हणाली, "इतकी वर्षं या चाकूला हात लावू दिला नाही मला," आणि तिच्या आवाजात राग होता की चेष्टा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. साडेतीनला सपाट बाजू पुन्हा पाटीसारखी झाली होती, पातं तांदळाच्या जाडीने अरुंद. खाचेचा मागमूस नव्हता. निळं मात्र फिकट होत होत एका जागी येऊन थांबलं आणि तिथून हलेना. चारला जिन्यावर अण्णांची पावलं वाजली.

रविवारी अण्णांनी गॅलरीत चटई घातली, रोपं मांडली आणि चाकू उघडला. उघडल्याबरोबर ते थांबले. पातं उजेडाकडे धरलं, उलटलं, पुन्हा उलटलं. मी समोर प्लास्टिकच्या पट्ट्या कापत बसले होते. त्यांनी पहिली काडी कापली. काप काचेसारखा आला. दुसराही चांगला आला. चौथ्या काडीला चाकू अडकला. धार वळली होती, मेणाची असावी तशी. त्यांनी ती तळहातावर सारखी केली, आणखी दोन काप घेतले, ती पुन्हा वळली. ऊन चढत होतं आणि काड्या फडक्यात सुकत होत्या. शेवटी ते उठले, दाढीच्या डब्यातून नवं पातं आणलं आणि उरलेल्या सगळ्या काड्या त्याने बांधल्या. तेहतिसावं बांधून झाल्यावर मी न राहवून म्हणाले, "अण्णा, तारेवर लागला होता. एवढीशी खाच होती."

"कुठे?"

मी दाखवलं. टोकापासून बोटाच्या रुंदीवर.

त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मुठीकडचं पातं धड होतं ना? मी कापतो ते मुठीकडच्या निम्म्या पात्याने. टोकाला खाच पडली असती तर पडली असती." चाकू मिटला. "दोन दिवस तसाच राहू दिला असतास तरी चाललं असतं."

कलमं एकेक करून काळी पडली. तिसऱ्या आठवड्यात मी रोज सकाळी भोंग्याच्याही आधी उठून गॅलरीत जात होते आणि काड्यांना नख लावून आत हिरवं आहे का बघत होते. बत्तीस गेली. तेहतिसाव्याला एके दिवशी तांबूस पानं दिसली. मी किंचाळून आईला उठवलं, अण्णांना उठवलं. अण्णांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि बोटाने प्लास्टिकच्या पट्टीच्या खाली दाखवलं. फुटवा जोडाच्या खालून आला होता. वरची काडी वाळून खडखडीत झाली होती. पानं फुटली होती ती बाजारातल्या कुठल्याशा आंब्याच्या कोयीला. आगासनवालीचं त्यात काही नव्हतं.

"जानूला तू सांगायचंस," अण्णा म्हणाले. त्या तीन आठवड्यांत ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्या पिशवीसकट आम्ही दोघं गेलो. वाडीच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डे. जानूकाका परसात होते. तिथे त्यांनी कमरेएवढा खोल खड्डा खणून ठेवला होता, शेणखत घालून, भोवती शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण करून. पिशवीतली तांबूस पानं त्यांना लांबूनच दिसली.

"आली का गो!" ते म्हणाले आणि हात पुढे करून चालत आले.

मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. "काका, ही ती नाही. सगळी मेली. माझ्यामुळे. मी चाकू बिघडवला आणि सांगितलं नाही. हे खालच्या कोयीचं आहे." हे मी एका दमात बोलले, वाटेत पाठ केल्याप्रमाणे. अण्णा माझ्यापासून दोन पावलं मागे उभे होते आणि पुढे आले नाहीत.

जानूकाकांनी एक पान खुडलं, चुरगळलं आणि नाकाशी धरलं. पुष्कळ वेळ धरलं. मग दुसरं खुडलं, तेही हुंगलं, जणू पहिल्याची चूक झाली असावी.

"नाय," ते म्हणाले. "ती नाय ही."

ते खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. टॉवेल डोक्यावरून काढून गुडघ्यावर ठेवला. पलीकडे कुंपणाच्या आत काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला, त्या आवाजात कुणाला काही बोलता आलं नसतं, आणि मला त्या मिक्सरचे आभार मानावेसे वाटले. तो थांबला तेव्हा ते अण्णांकडे न बघता म्हणाले, "कोनचा हाय मंग?"

"काय सांगू, जानू," अण्णा म्हणाले. "बाजारातली कोय. काहीही असेल."

"आंबट निंगला त?"

"निघेल."

जानूकाका उठले. माझ्या हातातून पिशवी घेतली, दाताने फाडली, मातीचा गड्डा न फुटू देता खड्ड्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी माती लोटायला लागले.

"उबी कनाला ऱ्हायलीस?" ते मान वर न करता म्हणाले. "पानी आन."